स्थायूच्या शोधात सापडलेला द्रव

द्रव थंड केला की त्याचा स्थायू होतो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. डोळ्यांसमोर अर्थातच पाणी आणि बर्फ. इलेक्ट्रॉन गोठतील का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. युजीन विग्नरला तो १९३४ साली पडला. त्याचं उत्तर होतं : गोठतील, पण पुरेसे विरळ असले तर. दाटीत इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा वरचढ ठरते आणि ते वाहते राहतात. विरळ झाले की परस्परांमधलं प्रतिकर्षण वरचढ होतं आणि प्रत्येकजण शेजाऱ्यांपासून शक्य तितका लांब, जागा धरून बसतो. हाच विग्नर-स्फटिक.

१९७९मध्ये बेल लॅब्जमध्ये ग्राइम्स आणि अ‍ॅडम्स यांना द्रव हेलियमच्या पृष्ठभागावर, अर्ध्या केल्विनच्या खाली, असा स्फटिक दिसला. पण तिथले इलेक्ट्रॉन फारच विरळ; पुंजभौतिकीचा कस लागावा इतके जवळ नव्हते.

तो कस अर्धवाहकात लागणार होता. आर्थर गोसार्डने गॅलियम आर्सेनाइडचे थर असे वाढवले, की इलेक्ट्रॉन दोन थरांच्या सीमेवर अडकावेत आणि अशुद्धींना फारसे न अडखळता फिरावेत. प्रबळ चुंबकीय क्षेत्र त्यांना लहान वर्तुळांत डांबतं, धावपळ थांबवतं. म्हणजे गोठण्याला मदतच. ऑक्टोबर १९८१मध्ये डॅनियल त्सुई आणि होर्स्ट श्टोर्मर हा नमुना घेऊन एमआयटीतल्या चुंबक प्रयोगशाळेत गेले, ते या स्फटिकाच्या शोधात.

सुमारे १५ टेस्लाला आलेखात एक सपाट पायरी दिसली. हॉल रोधाच्या पायऱ्या पूर्णांकांवर येतात, हे क्लिट्झिंगने १९८०मध्ये दाखवलं होतं. ही पायरी एक-तृतीयांशावर होती. त्सुईने बोटांनी अंतर मोजलं आणि गमतीत म्हटलं, ‘क्वार्क!’

क्वार्क नव्हते, आणि स्फटिकही नव्हता. १९८३मध्ये रॉबर्ट लाफलिनने उलगडा केला : इलेक्ट्रॉन गोठलेच नव्हते, सगळ्यांनी मिळून एक नवा द्रव बनवला होता. त्यात एकही इलेक्ट्रॉन फुटत नाही. तरी त्या समूहातली खळबळ एक-तृतीयांश भाराच्या कणासारखी वागते. १९९७मध्ये हा भार थेट मोजलाही गेला.

१९९८चं नोबेल लाफलिन, श्टोर्मर आणि त्सुई यांना मिळालं. १९८२च्या मूळ शोधनिबंधावर गोसार्डचंही नाव आहे, पण नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटता येत नाही. हा इतिहास वाचताना मी दर वेळी इथे अडखळतो. भाकीत करणारा आणि मोजणारा आपल्या लक्षात राहतो. ज्याच्यामुळे मोजण्याजोगं काही हाती आलं, तो राहत नाही.

आणि तो स्फटिक? अधिक प्रबळ क्षेत्रात, द्रवाची सद्दी संपते तिथे, त्याच्या खुणा पुढे मिळत गेल्या. २०२४मध्ये दुपदरी ग्राफीनमध्ये त्याचं थेट चित्र मिळालं : त्रिकोणी जाळीत बसलेले इलेक्ट्रॉन. ते चित्र घेतलं प्रिन्स्टनमध्ये, विग्नरच्या विद्यापीठात. नव्वद वर्षं लागली. दरम्यान त्याला शोधायला निघालेल्यांना वाटेत जे सापडलं, ते विग्नरलाही सुचलं नव्हतं.