मोडीच्या लोखंडाचीं औतें

आपल्या वस्तुसंग्रहालयांत तरवारी, कट्यारी व दांडपट्टे यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. परंतु पेशवेकालीन नांगराचा फाळ तेथें सहसा आढळत नाहीं. ज्या मुलखाचा सारा वसूल नांगराच्या टोंकावर उभा होता, तेथें असें कां व्हावें? फाळ नव्हते असें नव्हे. फाळ उरला नाहीं, कारण त्याचें लोखंड टाकून दिलें गेलें नाहीं. 'मोडी' म्हटली कीं आमच्या वाचकांस लिपि आठवते. लोहाराच्या मोडीकडे मात्र संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं.

जमिनीशीं घासून फाळ झिजतो. कुणबी तो लोहाराकडे नेतो आणि लोहार त्यास लोखंडाचा तुकडा जोडून शेवटून देतो. अगदींच निकामी झाला तर त्याचें खुरपें होतें. गाडीची धाव तुटली तर तिच्यांतून वखराची फास निघते. बलुतेदारींत लोहाराची मेहनत धान्यानें फिटत असे, परंतु लोखंड व कोळसा कुणब्यानें आणून द्यावा असा सामान्य प्रघात होता. म्हणजे घरांतील मोडकें लोखंड ही कुणब्याची पुंजी होती. दप्तरांत लोहाराच्या बलुत्याची नोंद पाहतांना हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. एरवीं औतांचा खर्च कुणब्यास कांहींच पडत नसे असा भलताच निष्कर्ष निघावयाचा.

हें लोखंड मुळांत येई कोठून? महाबळेश्वराच्या आसपास धावड लोक डोंगरांतील लोहयुक्त दगड भट्टींत गाळून लोखंड काढीत. एकोणिसाव्या शतकांत विलायती लोखंड स्वस्त झालें, जंगलाच्या निर्बंधांमुळें कोळशास लांकूड मिळेना, आणि हा धंदा बुडाला. तेव्हांपासून खेड्यांतील भात्यास परदेशी पट्टी व मोड यांचाच आधार राहिला. घिसाडी लोकांचें काम पाहिलें असतां हा क्रम आजहि प्रत्यक्ष दिसतो. पुरुष सांडशीनें लोखंड धरतो, स्त्री घण घालते, आणि मालमोटारीच्या कमानीच्या मोडक्या पाट्यांतून विळा किंवा कुऱ्हाड निघते. कमानीचें पोलाद तापवून पाणी दिलें म्हणजे धार कठीण होते. साध्या घडीव लोखंडास तो गुण नाहीं. घिसाड्यास ही पारख शाळेंत कोणीं शिकविलेली नाहीं.

आतां तोफांकडे वळूं. मोड या दृष्टीनें तोफा तीन जातींच्या. घडीव लोखंडाची तोफ पट्ट्या व कडीं जोडून केलेली असते. ती ओतशाळेच्या भट्टींत सहज वितळत नाहीं. पंचरशी तोफेच्या धातूस बाजारांत मोल येतें, परंतु नांगरास तो निरुपयोगी. ओतीव लोखंडाची तोफ मात्र फोडून भट्टींत घातली कीं पुन्हां ओतण्यास तयार. तेव्हां नांगराच्या कामीं तोफा गेल्या असतील तर त्या मुख्यतः या तिसऱ्या जातीच्या, व यांत यूरोपीय बनावटीच्या तोफांचा भरणा मोठा. किल्ल्यांवर आज उरलेल्या तोफा मोजून पूर्वीच्या तोफखान्याचें स्वरूप ठरवूं पाहणारांनीं हा फरक विसरूं नये.

याचें प्रसिद्ध उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. बेळगांवीं त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र व पुढें लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें शेतकरी त्यास शिवेना. पहिले ४० नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. इ. स. १९१० मध्यें औंधाधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली. इ. स. १९१४ च्या महायुद्धांत लोखंड व दगडी कोळसा यांची आयात मंदावली आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं संस्थानांतील जुन्या तोफा कारखान्यास दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

संग्राहकाच्या मनांत येथें हळहळ उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. तथापि गंजत पडलेल्या ओतीव तोफेपेक्षां कुणब्याच्या हातचा नांगर श्रेष्ठ, असेंच प्रस्तुत लेखकास वाटतें. शाहू छत्रपतींस दोष देण्याचें कारण नाहीं. प्रश्न निराळाच आहे. तोफेवर अक्षरें असतात, वजनाचे आंकडे असतात, ओतणाऱ्याची खूण असते. भट्टींत धातु वांचतो, हा लेख वांचत नाहीं. विजापूरच्या मुलूखमैदान तोफेचें पहा. ही इ. स. १५४९ त अहमदनगरास ओतलेली पंचरशी तोफ. इ. स. १८५४ मध्यें निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलांव पुकारला, आणि सर्वांत मोठी बोली झाली १५० रुपयांची! रक्कम फारच थोडी व तोफेविषयीं लोकांत पूज्यभाव, म्हणून विक्री रद्द झाली. ती पुरी होती तर ओतणाऱ्या रूमी कारागिराचें नांव व मागाहून औरंगजेबानें कोरविलेला विजयलेख, हीं दोन्ही एकदम गेलीं असतीं.

ठसा घेण्यास कागद व शाई एवढेंच लागतें. लांबी, तोंडाचा व्यास, कानांत खिळा ठोकलेला आहे कीं नाहीं, आणि धातु घडीव कीं ओतीव, एवढ्या चार गोष्टी टिपल्या म्हणजे पुढें तोफ राहो वा न राहो. मोडीच्या दुकानीं पडलेल्या जुन्या फाळांसहि हाच नियम लावावा. शेवटलेल्या फाळावर जोडाची रेघ बहुधा दिसते, आणि जोडलेला तुकडा मूळ लोखंडाहून निराळा आहे कीं काय हें तेथेंच पाहतां येतें.