कुंडीतली गोगलगाय आणि १८४७ चं कोलकाता

बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं, म्हणून हा भाग गोगलगायींवर. प्रश्न साधारण एकच: पाऊस सुरू झाला की गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये या येतात कुठून? आणि घालवायच्या कशा? 'घालवायच्या कशा' हे शेवटी सांगतोच. पण 'येतात कुठून' याचं उत्तर पावणेदोनशे वर्षं मागे जातं, आणि ते कळल्याशिवाय उपायांतला कुठला खरा आणि कुठला व्हॉट्सअ‍ॅपवरचा, हे कळत नाही.

आधी नाव नीट करून घेऊ. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या, आतून बेरकी माणसाबद्दल वापरतो. गंमत बघा, १७९० च्या दशकात कुव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्राण्यांच्या वर्गाला 'गॅस्ट्रोपोडा' असं ग्रीक शब्दांतून नाव दिलं. त्याचा अर्थही तोच, पोट-पाय. म्हणजे आपल्या आज्यांना जे दिसत होतं तेच त्याला दिसलं. फक्त म्हणीतली गोगलगाय आपली इथली, लहानशी, कुजका पाला खाणारी. आज आपण जिच्याबद्दल बोलतोय ती वेगळी. तळहातावर मावणार नाही इतकी वाढू शकते, शंख लांबट आणि टोकदार, त्यावर तपकिरी पट्टे. कृषी खात्याच्या पत्रकांत तिला 'शंखी गोगलगाय' म्हणतात. बिनशंखाची जी असते ती 'शेंबडी'. दोघींची खोड सारखीच, पण शंखीचा इतिहास मोठा आहे.

ही शंखी मुळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची. तिथून मादागास्कर, मग मॉरिशस. त्या काळी गोगलगायीचं कालवण छातीच्या दुखण्यावर गुणकारी मानत, त्यामुळे बेटाबेटांवर लोकच तिला नेत असत. मॉरिशसहून भारतात तिला आणलं विल्यम हेन्री बेन्सन या गृहस्थाने. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला अधिकारी आणि फावल्या वेळात शंख-शिंपल्यांचा अभ्यासक. त्या काळातला हा मोठा तज्ज्ञ. १८४७ साली त्याने मॉरिशसच्या दोन जिवंत गोगलगायी कोलकात्याला आणल्या. शहर सोडताना त्या ओळखीच्या माणसाला दिल्या आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या.

दोन. एवढंच. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, शत्रूचा डाव नव्हता. एका जाणकाराचा छंद आणि एक बाग. पुढच्या काही दशकांत कोलकात्याच्या आसपास त्या सर्वत्र झाल्या. १९०० च्या सुमारास श्रीलंकेत पोहोचल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जपानी लोकांनी खाण्यासाठी आणि औषधासाठी पॅसिफिकमधल्या बेटांवर नेल्या. १९६१ मध्ये अल्बर्ट मीड या अमेरिकन अभ्यासकाने या एकाच गोगलगायीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात जिकडेतिकडे हाच धागा: ती स्वतः चालत फारशी कुठे गेली नाही, माणसाने नेली. कधी हौसेने, कधी खायला, आणि पुष्कळदा नकळत, रोपाच्या मुळाशी असलेल्या मातीच्या गोळ्यातून.

मियामीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी घरी आणल्या. आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर गोगलगायी सापडल्या. सगळ्या संपवायला जवळपास दहा वर्षं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च आला. २०११ मध्ये तिथे पुन्हा निघाल्या. या वेळी वास घेऊन शोधणारी लॅब्राडोर कुत्री कामाला लावली, दीड लाखाहून जास्त गोगलगायी वेचल्या आणि २०२१ मध्ये 'संपल्या' असं जाहीर केलं. २०२२ च्या जूनमध्ये त्याच फ्लोरिडाच्या दुसऱ्या भागात पुन्हा हजर!

असं का होतं? तर प्रत्येक शंखी नरही असते आणि मादीही. एकदा मीलन झालं की बीज साठवून ठेवते आणि नंतर एकटीच अंडी घालत राहते. एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त. जमिनीत बोटभर खोल, साबुदाण्यासारखी पांढरट. आणि कोरडं पडलं की शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून महिनोन्महिने झोपून राहते. आपल्याला वाटतं उन्हाळ्याने मेल्या. मेलेल्या नसतात.

आता आपल्या शहराकडे येऊ. छत्रपती संभाजीनगर तसं कोरडं गाव. मलिक अंबरने इथे नहर खणवली ती पाण्याची ओढ होती म्हणूनच. हिमायत बागेसारखी मोगली बाग उभी राहिली तीही अशा पाण्याच्या जोरावर. आज नळाला किती दिवसांनी पाणी येतं यावर मी इथे बोलत नाही, सगळ्यांनाच माहीत आहे. पण गोगलगायीच्या नजरेने बघा. एप्रिल-मेमध्ये सिडकोत, गारखेड्यात, सगळीकडे जमीन तडकलेली. ओलावा कुठे? कुंडीत. कोकोपीट, शेणखत, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, खाली ताटलीत साचलेलं पाणी, आणि संध्याकाळी मन लावून पाणी घालणारे आपण. कोरड्या शहरात कुंडी म्हणजे तिची नहरच झाली. एरवी इथला उन्हाळा तिला झोपवून ठेवतो, कुंडीत ती बारा महिने जागी राहू शकते.

हे नुसतं गच्चीपुरतं असतं तर मी एवढा वेळ घेतला नसता. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) या जिल्ह्यांत काय झालं ते आठवतंय ना? सोयाबीन नुकतं उगवलेलं, दोन-चार पानांवर. एका रात्रीत ओळीच्या ओळी गायब. लोकांनी दुबार पेरणी केली, कुणी तिसऱ्यांदा केली, तीही खाल्ली. बी महाग, मजुरी महाग, आणि वर शेजारचा म्हणतो, 'अरे गोगलगाय ती, ती काय खाणार!' बायाबापड्या संध्याकाळी बादल्या आणि पोती घेऊन शेतात वेचायला उतरल्या. अतिवृष्टी नाही, गारपीट नाही, दुष्काळ नाही. गोगलगायीने खाल्लं म्हणून सरकारला मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना मदत जाहीर करावी लागली. कोलकात्याच्या बागेतल्या त्या दोघींची नातवंडं-पतवंडं ही.

म्हणून मला राग येतो तो कंपाउंडच्या पलीकडे गोगलगाय भिरकावणाऱ्यांचा. 'आपल्या घरातून गेली ना, बास.' पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, नाल्यात, नाहीतर जिवंतच घंटागाडीत. नाला शहराबाहेर जातो आणि शहराबाहेर शेतं आहेत. बेन्सनच्या ओळखीच्या माणसाने यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

बरं, उपाय. या बाबतीत माणसाने तीन वाटा धरून पाहिल्या.

पहिली वाट: शत्रूचा शत्रू. १९५५ मध्ये हवाईत दुसरी एक मांसाहारी गोगलगाय सोडली, की ती शंखीला खाईल. हाच प्रयोग १९७० च्या दशकात ताहिती आणि शेजारच्या मोरिया बेटावर केला. तिने शंखीपेक्षा तिथल्या चिमुकल्या, निरुपद्रवी स्थानिक गोगलगायींवर ताव मारला. दहा वर्षांच्या आत मोरियावर त्यांच्यातली जवळपास एकही जंगलात उरली नाही. युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी डब्यांत जपल्या म्हणून काही जाती वाचल्या, आणि आता कुठे त्या परत नेऊन सोडतायत. आपल्याकडे कुणी 'बदकं पाळा' म्हणतात. शेतात ठीक असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत तुम्हीच ठरवा.

दुसरी वाट विषाची. मेटाल्डिहाइड हे मुळात विष म्हणून आलंच नव्हतं. छोट्या स्टोव्हमध्ये जाळायच्या पांढऱ्या वड्या होत्या त्या. १९३० च्या दशकात लक्षात आलं की त्या खाऊन गोगलगायी मरतात. मग कोंड्यात मिसळून गोळ्या झाल्या. गोगलगाय ते खाते, अंगातला सगळा चिकट स्राव बाहेर टाकते आणि सुकून मरते. २०२२ मध्ये आपल्याकडे कृषी खात्याने शेतासाठी एकरी दोन किलो गोळ्यांची शिफारस केली. आणि त्याच वर्षी मार्चअखेर ब्रिटनमध्ये मेटाल्डिहाइडच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी आली, पक्षी आणि इतर प्राण्यांना धोका म्हणून. शेत बुडत असताना शेतकऱ्याने ते वापरलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण घरात? कोंड्याच्या त्या गोळ्या कुत्र्या-मांजराला खाऊच वाटतात, आणि रांगतं मूल काय तोंडात घालेल याचा नेम नाही. दहा-वीस कुंड्यांसाठी हे विष घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गूळ, कोंडा आणि कीटकनाशकाचं आमिष शेतात करतात, तेही गच्चीवर नको.

तिसरी वाट हाताची. आणि खरं सांगायचं तर मियामीत काय, लातुरात काय, शेवटी कामाला आले ते हातच.

तर कुंड्यांसाठी हातची पद्धत अशी. गोणपाटाचा तुकडा गुळाच्या पाण्यात भिजवा, रात्री कुंड्यांच्या मध्ये टाका, खाली कोबीची दोन पानं ठेवा. सकाळी ऊन यायच्या आत गोणपाट उलटा. सगळ्या तिथेच बसलेल्या असतात. हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचला. हा सोवळ्याचा प्रकार नाही. उंदरांत राहणारा एक जंत या गोगलगायींच्या अंगात असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. म्हणून गच्चीवरची मेथी-कोथिंबीरही नीट धुऊनच खायची, आणि मुलांना शंखाशी खेळू द्यायचं नाही. उचललेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका, मेल्याची खात्री करा आणि चुना घालून खोल पुरा.

मीठ बादलीत, कुंडीत नाही! कुंडीत मीठ टाकलं तर गोगलगाय मरेल आणि मोगराही मरेल. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार काय कमी आहेत?

अंड्यांची टरफलं, तांब्याची पट्टी वगैरे बरेच जण सुचवतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने कुंड्यांत आणि वाफ्यांत लेट्यूस लावून टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्या अशा पाच आडकाठ्या तपासल्या. २०१८ मध्ये निकाल आला: काही न घातलेल्या रोपांइतकंच नुकसान. टरफलं खत म्हणून घाला, पहारेकरी म्हणून नको. चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंत अडवते. पहिल्या सरीत विषय संपला.

त्यापेक्षा पाणी सकाळी घाला. रात्री, म्हणजे तिच्या फिरायच्या वेळी, वरची माती सुकलेली हवी. कुंडी विटेवर चढवा, ताटली काढून टाका. कुंडी आणि भिंत यांच्यामधली फट, कुंडीच्या काठाची खालची बाजू, ग्रो बॅगची घडी, या तिच्या दिवसा झोपायच्या जागा. रविवारी एक चक्कर मारली तरी पुरते.

आणि सगळ्यात मोठं काम नवं रोप घरात येतं त्या दिवशी. नर्सरीतून आणलेली पिशवी लगेच बाकीच्या कुंड्यांत नेऊन ठेवू नका. मातीचा गोळा बाहेर काढा, कागदावर ठेवा, कडेने बोटभर माती मोकळी करून बघा. साबुदाणा दिसला की समजायचं. ती माती उकळत्या पाण्यात टाका आणि रोप स्वच्छ मातीत लावा. नंतर दोन-तीन आठवडे ते वेगळं ठेवा, मधूनमधून रात्री बॅटरी घेऊन जा. नर्सरीवाल्याशी भांडू नका, त्यालाही माल बाहेरूनच येतो. पण 'भाऊ, माती बघूनच घेणार' एवढं म्हणायला हरकत नाही. शेजारच्या काकूंना रोप देतानाही हेच. फांदी द्या, बी द्या, मातीसकट कुंडी देऊ नका.

एक राहिलंच. प्रत्येक गोगलगाय शंखी नसते. चपट्या, चकचकीत शंखाची, नखाएवढी दिसली आणि रोपांना काही झालेलं नसेल तर ती आपली जुनी, म्हणीतली असेल. तिला राहू द्या.

तुमच्या भागात शंखी दिसल्या असतील तर कुठल्या महिन्यात आणि कुंडीत की जमिनीवर, एवढं कळवा. पुढच्या भागात नहर-ए-अंबरीवर बोलू, त्यावरही प्रश्न साठलेत. भेटू.