वाड्याचे खण आणि वारसांचे हिस्से

मेहकर तालुक्यातील जानेफळ घ्या किंवा वऱ्हाडातील दुसरे कोणतेही जुने गाव घ्या, त्याचा इतिहास लिहावयाचा झाला तर किल्ले आणि लढाया यांपेक्षा घरांकडेच वळावे लागते. मेहकरचे नाव 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून आलेले आहे. पुढे १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांतास जोडण्यात आले आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले. राज्ये बदलली, परंतु घर मोजण्याची रीत बराच काळ तीच राहिली. घर मोजावयाचे ते खणांनी. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण.

वाडा म्हटला की देवडी, चौक, ओसरी, आत माजघर, धान्याचे पेव आणि वर धाबे हे ओघानेच येते. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर किलचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. घरही त्या पांढरीतच उभे राहते आणि पडले की तिलाच मिळते. धाब्याचा सारा भार लाकडी सांगाड्यावर असल्यामुळे एखादी भिंत काढली किंवा नवी घातली तरी छप्पर खाली येत नाही. एका वाड्यात चार चुली मांडणे यामुळेच सोपे झाले. भाऊ वेगळे निघाले की मधल्या खणात भिंत पडे. चौक, विहीर आणि देवडी मात्र सामाईक राही.

अलीकडे अशा वाड्यांची डागडुजी करून ते विकावयास काढण्याची रीत पडली आहे. धाबे काढून स्लॅब, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर रंग. वस्तुतः मातीची भिंत जमिनीतील ओल वर खेचते व ती बाहेर सोडीत राहते. चुन्याचा गिलावा तिला मोकळीक देतो, सिमेंट तिचे तोंड बंद करते. मग ओल आतच मुरते आणि तुळईचे भिंतीत पुरलेले टोक कुजते. नव्या रंगाखाली हे दिसत नाही. पण त्याहूनही न दिसणारी गोष्ट म्हणजे वारसांचे हिस्से.

परका माणूस सामाईक घरात येऊ नये ही चिंता फार जुनी आहे. इस्लामी कायद्यातील शुफ्‌आचा हक्क याच चिंतेतून आला. प्रथम हक्क सहहिस्सेदाराचा, नंतर वाट किंवा पाणी सामाईक असणाऱ्याचा, शेवटी लागून असलेल्या शेजाऱ्याचा. विक्रीची वार्ता कानी पडताच मागणी करावी, मग साक्षीदारांसमक्ष पुन्हा करावी, असा कडक नियम. हा हक्क सर्व प्रांतांत सारखा लागू नव्हता; गुजरातच्या काही भागांत मात्र हिंदूही तो रूढी म्हणून पाळीत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारामुळे मिळणारा हक्क घटनेशी विसंगत ठरविला, सहहिस्सेदाराचा मात्र कायम ठेवला. १८९३ च्या वाटप कायद्याचे चौथे कलमही हेच सांगते: परक्याने राहत्या घरातील हिस्सा विकत घेऊन वाटणी मागितली, तर कुटुंबातील हिस्सेदार तो न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस परत घेऊ शकतो. हे कलम मुसलमान कुटुंबांनाही लागू होते.

घराबाहेरच्या परक्याची इतकी काळजी, आणि घरातून सासरी गेलेल्या लेकीचे काय? हिशेबच मांडून पाहू. मयताच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असल्यास हनफी रीतीने चाळीस भाग पडतात. पत्नीस पाच, प्रत्येक मुलास चौदा, मुलीस सात. वाडा बारा खणांचा असेल तर आईचा दीड खण आणि लेकीचे दोन खणांहून थोडे अधिक. कागदावर हे शतकानुशतके आहे. प्रत्यक्षात किती वाड्यांत लेकीचे दोन खण लेकीला मिळाले, हे ज्याने त्याने आपल्या घरी आठवून पाहावे. हिंदू घरांतही वेगळी स्थिती नव्हती. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वाटा दिला, पण कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मनावर घेईपर्यंत तिला मागता येत नसे. ते तेविसावे कलम २००५ साली रद्द झाले.

बाप हयात असताना लेकीने "मला काही नको" असे लिहून दिले तरी इस्लामी कायद्यात त्याने तिचा हक्क आपोआप जात नाही. कारण हक्क उत्पन्न होतो तोच मृत्यूनंतर. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला एक मर्यादा घातली. मोबदला घेऊन तसे लिहून दिले असेल आणि पुढचे वागणेही त्यास धरून असेल, तर मागाहून हिस्सा मागता येत नाही. यामुळे रंगवून सजविलेला वाडा पाहावयास आलेले जाणते गिऱ्हाईक खांबांवरील कोरीव काम पाहून होताच विचारते ते हेच: बहिणी किती, कोणत्या गावी दिल्या आहेत, आणि त्या सहीला येतील ना?