मॉनिटर, सपाट पडद्याचा

मॉनिटर, सपाट पडद्याचा : संगणकातील मजकूर व चित्रे द्रवस्फटिकांच्या पातळ पॅनेलवर दाखवणारे साधन. घरच्या टेबलावर मावणाऱ्या लहान मॉनिटरचा पडदा सामान्यतः १९ ते २४ इंचांचा असतो. हे माप रुंदीचे किंवा उंचीचे नसून पडद्याच्या कर्णाचे असते. १६:९ प्रमाणाचा २१.५ इंची पडदा सुमारे ४७.६ सेंमी. रुंद व २६.८ सेंमी. उंच भरतो. पूर्वीचा १७ इंची चित्रनलिकेचा मॉनिटर पंधरा किलोच्या आसपास वजनाचा असे आणि टेबलाची निम्मी खोली व्यापत असे. आजचा २२ इंची मॉनिटर तीन-चार किलोंचा असतो आणि साधारण वीस वॅट विजेवर चालतो.

इतिहास : ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाला दोन वितळबिंदू असल्याचे आढळले. १४५.५° से. ला तो गढूळ द्रव होई आणि १७८.५° से. ला तो द्रव स्वच्छ होई. या मधल्या अवस्थेचा पुढील अभ्यास जर्मन भौतिकीविज्ञ ओटो लेमान यांनी केला. प्रवाही असूनही स्फटिकासारखी रेणूंची शिस्त असलेल्या अशा पदार्थांना ‘द्रवस्फटिक’ हे नाव मिळाले. अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये त्यांपासून केलेला प्रदर्शन पडदा जाहीर केला. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी पीळ दिलेल्या रेणूंची, म्हणजे टीएन, रचना शोधली. नेहमीच्या तापमानाला टिकणारे सायनोबायफिनिल द्रवस्फटिक इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी तयार केले आणि हे तंत्र कारखान्यात पोहोचले. शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा करून दाखवला.

या विज्ञानात भारताचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठात शिकलेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी सहकाऱ्यांसह बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. अशा रेणूंची पातळ फिल्म पुढे टीएन पडद्याचा दृश्यकोन रुंदावण्यासाठी वापरात आली.

रचना व कार्य : द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत, ते मागून येणारा प्रकाश सोडतात किंवा अडवतात. पॅनेलच्या मागे बॅकलाइट असतो. पूर्वी त्यासाठी पारायुक्त बारीक नळ्या असत, आता पांढरे एलईडी असतात. म्हणून बाजारात ज्याला ‘एलईडी मॉनिटर’ म्हणतात, तोही द्रवस्फटिकांचा पडदाच (एलसीडी) होय. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. त्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन काचांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकांचा थर असतो आणि दोन्ही बाजूंना एकमेकांशी काटकोनात लावलेले ध्रुवक असतात. टीएन रचनेत रेणूंचा पीळ प्रकाशाचे ध्रुवण ९०° ने वळवतो, त्यामुळे प्रकाश दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. विद्युत्‌दाब दिला की पीळ सुटतो आणि तो बिंदू काळा होतो. दाब कमीजास्त करून मधल्या छटा मिळतात. प्रत्येक चित्रबिंदूत लाल, हिरवा व निळा असे तीन उपबिंदू असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा ट्रान्झिस्टर असतो. १९२० × १०८० च्या पडद्यात २०,७३,६०० चित्रबिंदू, म्हणजे ६२,२०,८०० उपबिंदू असतात.

प्रकार : टीएन पॅनेल स्वस्त व चपळ असते, पण वरून किंवा खालून पाहिल्यास त्याचे रंग बदलतात. आयपीएस पॅनेलमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे बाजूने पाहतानाही रंग टिकतात. हिताची कंपनीने १९९६ मध्ये ते बाजारात आणले. व्हीए पॅनेलमध्ये दाब नसताना रेणू काचेवर उभे असतात, म्हणून त्यातला काळा रंग अधिक गडद दिसतो. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्याला आयपीएस सहसा सोयीचे पडते.

वाचनीयता : घरचा मॉनिटर निवडताना इंचांपेक्षा चित्रबिंदूंची दाटी महत्त्वाची आहे. १९२० × १०८० इतकेच चित्रबिंदू २१.५ इंची पडद्यावर दर इंचाला सुमारे १०२, २३.८ इंचीवर ९३, तर २७ इंचीवर ८२ येतात. म्हणजे तोच मजकूर मोठ्या पडद्यावर भरड दिसतो. देवनागरीला हा फरक विशेष जाणवतो. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार असल्याने एका ओळीत बसवण्याजोगे बारकावे पुष्कळ असतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला भेद शिरोरेषेजवळच्या लहानशा फटीवर उभा असतो. बारीक अक्षरात ती फट एखाद्याच चित्रबिंदूची उरते. मराठी मुद्रितशोधन करणाऱ्याने दाट चित्रबिंदूंचा पडदा घ्यावा किंवा अक्षर मोठे ठेवावे. पडदा त्याच्या मूळ रेझोल्यूशनवरच चालवावा, अन्यथा अक्षरांच्या कडा पुसट होतात.

मांडणी : डोळे व पडदा यांत ५० ते ७० सेंमी. अंतर असावे आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. खिडकी पाठीशी किंवा समोर नसून बाजूला असली म्हणजे तिरीप टळते. स्टँडची उंची बदलता येत नसेल, तर खाली जाड पुस्तके ठेवूनही काम भागते. मागे १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिमी. अंतरावर चार भोके असल्यास मॉनिटर भिंतीवर किंवा टेबलाला जोडलेल्या आधार-हातावर बसवता येतो आणि टेबल मोकळे राहते.

निगा व विल्हेवाट : पडदा बंद करून मऊ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसावा. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या द्रावणाने वरचा लेप खराब होतो. अंगठ्याने दाब देऊ नये. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या एकाच केबलने मॉनिटर नव्या संगणकाला जोडता येतो, त्यामुळे संगणक बदलला तरी चांगला मॉनिटर घरात टिकतो. निकामी झाल्यावर मात्र तो भंगारात टाकू नये. जुन्या मॉनिटरच्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा साधनांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ते अधिकृत संकलन केंद्रातच द्यावे.