प्रवाळाला ऊन लागतं तेव्हा

शनिवारची सकाळ, हातात चहा, आणि समोर टँकमधलं हॅमर कोरल पांढरंफटक. न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमध्ये दोन वर्षं जपलेलं. दहाच दिवसांपूर्वी मी जुन्या ट्यूब काढून नवा एलईडी दिवा लावला होता आणि ब्राइटनेस सरळ १०० टक्क्यांवर नेला होता. म्हटलं, उजेडावर जगणारा प्राणी, जेवढं जास्त तेवढं बरं!

बायको म्हणाली, "याला ऊन लागलं की काय?" गंमत म्हणजे तिचं निदान बरोबर होतं.

मग वीकेंडभर वाचत बसलो, तेव्हा कळलं की प्रवाळ आणि उजेड यांचं नातं समजायला शास्त्रज्ञांनाही बराच वेळ लागला.

१९२८ साली एक ब्रिटिश तुकडी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर वर्षभरासाठी गेली. प्रमुख सी. एम. यंग, वय अवघं २८. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं हे तेव्हा ठाऊक होतं. पण ते तिथे करतं काय, हा वाद होता. यंग आणि त्याच्या सहकाऱ्याने प्रवाळं अंधारात ठेवली. शैवाल गेलं, रंग गेला, पण खाऊ घातलेली प्रवाळं जगली. निष्कर्ष काढला, शैवालाकडून प्रवाळाला जेवण मिळत नाही.

टेस्ट चोख, निष्कर्ष चुकीचा. डबा बंद झाल्यावर माणूस हॉटेलात जेवून जगला, म्हणून आधी डबा येतच नव्हता असं थोडंच आहे?

१९५८ मध्ये मस्कटाइन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं, की प्रवाळाच्या भाऊबंदांपैकी समुद्रपुष्पात शैवालाने बनवलेलं अन्न यजमानाकडे जातं. १९५९ मध्ये थॉमस गोरो यांनी जमैकात दाखवलं, की उजेडात प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा जास्त वेगाने बनतो.

घरगुती टँकची गोष्टही समांतरच. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत मांडली: जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि खरं ऊन. जर्मनीत एवढं ऊन कुठलं? तिथल्या हौशी मंडळींनी मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे लावले. तोवर अडचण उजेड कमी पडण्याची होती. एलईडी आल्यावर ती उलटी झाली.

शैवालाला पचेल त्यापेक्षा जास्त उजेड मिळाला की घातक ऑक्सिजन-संयुगं साठतात आणि प्रवाळ शैवालालाच बाहेर काढतं. म्हणजे अंधारातही पांढरं, लख्ख उजेडातही पांढरं! शिवाय आपले डोळे फसवतात. निळा प्रकाश आपल्याला मंद वाटतो, शैवालाला मात्र तो भरपूर असतो.

म्हणून मोजायचं. एकक आहे मायक्रोमोल, दर चौरस मीटर, दर सेकंद. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर साधारण २०००. हॅमरसारख्यांना ५० ते १५० पुरतात, अ‍ॅक्रोपोराला २०० ते ४००. मीटर उसना आणला. माझ्या हॅमरवर ३८० होते!

दिवा २५ टक्क्यांवर आणला. आता आठवड्याला थोडा थोडा वाढवतोय. चारपैकी दोन फांद्या गेल्या. उरलेल्या दोनांवर परवा तपकिरी झाक दिसली.

यंगने निदान मोजून तरी चूक केली होती. मी तर न मोजताच प्रॉडक्शनवर टाकलं. असो. चूभूद्याघ्या.