नव्या घराचे लोक

बेळगाव-सोलापूरकडच्या लोकांना ‘होसमनी’ हे आडनाव ओळखीचे असते. कानडीत ‘होस’ म्हणजे नवे आणि ‘मने’ म्हणजे घर. आपल्या मराठीत नवघरे आहेत, वसईला नवघर नावाचे गाव आहे. इटलीतल्या ज्या कॅसानोव्हाचे नाव भलत्याच कारणाने गाजले, त्याच्या आडनावाचा अर्थही ‘नवे घर’ एवढाच. आज अशाच एका ‘नवघरे’ आडनावाची हकिकत सांगायची आहे. ते आहे स्पेनच्या उत्तरेकडचे, आणि त्याचे स्पॅनिश रूप ‘एचेवेरिया’. मेक्सिकोचे १९७० ते १९७६ या काळातले राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेरिया होते. अर्जेंटिनाच्या साहित्याचा पाया घालणाऱ्यांत एस्तेबान एचेवेरियाचे नाव घेतात. आणि जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ज्यांचा देह ठेवला आहे, त्यांचे नावही, आपल्याला वाटणार नाही, पण मुळात हेच आहे.

स्पेन आणि फ्रान्स यांच्या मध्ये पिरेनीज पर्वताची रांग आहे. तिच्या पश्चिम टोकाला दोन्ही बाजूंना बास्क लोक राहतात. त्यांची भाषा युरोपातल्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही. या भाषेत ‘एत्चे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवे. शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘ते’, अमुक एक ते. एत्चेबेरिया, म्हणजे ‘ते नवे घर’.

आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावला की आडनाव होते. बास्क लोकांत गावापेक्षा घर मोठे. शेत, कुरण, गोठा, जंगलातला हक्क, चर्चमधली बसायची जागा, इतकेच काय, पुरण्याची जागासुद्धा घराच्या नावावर असे. माणसे येत-जात, घराचे नाव टिके. दुसऱ्या घरातून कोणी राहायला आला तर तोही पुष्कळदा त्या घराच्या नावाने ओळखला जाई. तेव्हा बास्क आडनाव म्हणजे आधी पत्ता, मग वंश. आता आपणच विचार करा, नवे घर कुठल्या गावात बांधले जात नाही? गावोगावी एक तरी ‘नवे घर’ होतेच, आणि तिथले लोक एचेवेरिया झाले. हे एक कूळ नाही, कधीच नव्हते. आडनाव सांगितले की त्या घराण्याचे राजचिन्ह छापून देणारी दुकाने असतात, त्यांचे गिऱ्हाईक हौसेने पैसे मोजते. पण एचेवेरियांचे एकच चिन्ह असणे शक्यच नाही. कोणत्या गावचे नवे घर, हा खरा प्रश्न.

त्यातल्या एका घराची हकिकत आपल्याला जवळची आहे. नावारच्या पूर्व सीमेवर, अरागॉनला लागून, एक छोटा किल्लेवजा वाडा आहे. तिथे बास्क भाषा मागे हटत गेली आणि रोमान्स बोली आली. त्या बोलीच्या तोंडी एत्चेबेरीचा सुरुवातीचा ‘ए’ गळला, ‘बेरी’चे ‘विएर’ झाले, आणि उरले ‘शाविएर’. शेजारच्या अरागॉनमध्ये हाविएरे नावाची खेडी आजही आहेत. आज तिथे कोणी बास्क बोलत नाही, पण एके काळी बोलत होते याची साक्ष ही गावांची नावे देतात.

या वाड्याची वारस होती मारिया दे आस्पिल्कुएता. तिचे पती हुआन दे हासो हे बोलोन्याला शिकलेले कायदेपंडित, नावारच्या राजाच्या परिषदेचे अध्यक्ष. वाडा बायकोचा, म्हणजे आपल्या भाषेत ते घरजावईच म्हणायचे. त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा फ्रान्सिस्को, जन्म ७ एप्रिल १५०६. गंमत अशी, की थोरला भाऊ मिगेल ‘दे शाविएर’ म्हणवे, कारण वाडा त्याच्याकडे जायचा होता. मधला हुआन आईकडचे ‘आस्पिल्कुएता’ लावी. वडिलांचे आडनाव तिसरेच! त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटत नसे. बाप-आई अशी दोन आडनावे क्रमाने लावण्याचा स्पेनचा कायदा एकोणिसाव्या शतकात आला.

१५१२ साली कास्तीलच्या फौजांनी नावार जिंकले. १५१६ मध्ये कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमाने शाविएरच्या वाड्याचे बुरूज आणि तटबंदी पाडण्यात आली. तेव्हा फ्रान्सिस्को दहा वर्षांचा. वडील आदल्याच वर्षी वारले होते. पुढे १५२१ मध्ये नावार परत मिळवण्याचा प्रयत्न झाला, त्यात दोघे थोरले भाऊ लढले. त्याच मोहिमेत पाम्प्लोनाच्या किल्ल्यात समोरच्या बाजूने लढणाऱ्या एका बास्क सरदाराचा पाय तोफगोळ्याने मोडला. हा इग्नेशियस लोयोला. काही वर्षांनी पॅरिसच्या एका महाविद्यालयात इग्नेशियस आणि फ्रान्सिस्को एका खोलीत राहू लागले.

बास्क प्रदेशात घर फोडायचे नाही, एकालाच द्यायचे, अशी बहुतेक ठिकाणी रीत. मग बाकीच्या भावंडांनी काय करायचे? चर्च, समुद्र किंवा सरकारी चाकरी. धाकट्या फ्रान्सिस्कोला घर मिळणार नव्हते, नाव मात्र मिळाले. १५३१ मध्ये पॅरिसहून त्याने आपल्या खानदानीपणाचा दाखला मागितला. तो १५३६ मध्ये मंजूर झाला, पण तोवर त्याने दारिद्र्याची शपथ घेतली होती. दाखला कामाचा उरला नाही. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला.

आता अक्षराबद्दल थोडे. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘एक्स’चा उच्चार ‘श’ होता. सोळाव्या-सतराव्या शतकांत तो घशात सरकत ‘ख’च्या जवळ गेला, आणि १८१५ साली स्पॅनिश अकादमीने त्या जागी ‘जे’ लिहायचे ठरवले. म्हणून आज स्पेनमध्ये ते ‘खाविएर’, आपण सोईने ‘हाविएर’ लिहितो. पोर्तुगीजांनी जुना ‘श’ सांभाळला, बास्क लोकही ‘शाबिएर’च म्हणतात. इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे ‘झेवियर’ आले, आणि १८६९ पासून मुंबईच्या कॉलेजने ते घरोघरी नेले.

घर न मिळालेले बाकीचे एचेवेरिया समुद्राकडे वळले. सोळाव्या शतकात बास्क लोक देवमासे आणि कॉड पकडायला थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जात. १६७७ साली बायोन इथे बास्क भाषेत जहाज हाकण्याचे एक पुस्तक छापले गेले, मूळ फ्रेंच पुस्तकाचा तो अनुवाद. अनुवादकाचे नाव पियरेस देत्शेवेरी. न्यूफाउंडलंडजवळच्या सेंट पियेर या फ्रेंच बेटावर देत्शेवेरी आजही आहेत.

दक्षिणेला आणखी मोठी वाट होती. स्पेनच्या साम्राज्यात बास्क लोक कारकून, खलाशी, व्यापारी, धर्मगुरू होऊन गेले. मेक्सिकोत अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींची राजकीय पाहणी झाली, तिचा चित्रकार होता आतानासिओ एचेवेरिया. त्याच्या चित्रांवर खूश होऊन १८२८ मध्ये द कांदोल या शास्त्रज्ञाने एका गुबगुबीत पानांच्या वनस्पतीला त्याचे नाव दिले. आज पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ‘एचेव्हेरिया’ म्हणून छोट्या कुंडीत विकतात ती हीच. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नव्या घराचा पत्ता नसतो.

खरा लोंढा एकोणिसाव्या शतकातला. गादीच्या वारसाहक्कावरून झालेल्या कार्लिस्त युद्धांनी प्रदेश पिळून निघाला. १८७६ मध्ये बास्क प्रांतांचे जुने हक्क गेले आणि त्यांच्यावर सक्तीची लष्करभरती आली. तरण्या पोरांनी ब्वेनोस आयरेस आणि मोंतेविदेओची बोट धरली. काही जण अमेरिकेत नेवाडा-आयडाहोच्या माळांवर मेंढ्या राखायला गेले. तिकडच्या कारकुनांनी ऐकले तसे लिहिले. एचेवेरिया, एत्चेवेरी, चावारिया, इचावारिया. त्यामुळे वेगळ्या लेखनाची दोन कुटुंबे मूळ एकाच उंबऱ्यातली असू शकतात, आणि एकसारखे लिहिणाऱ्या दोघांचा काडीचा संबंध नसू शकतो. शोध घेणाऱ्याने बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आडनावाशेजारी घराचे नाव आणि पाद्र्याचे गाव पाहावे लागते. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीनंतर पुष्कळांनी आपले आडनाव मुद्दाम बास्क पद्धतीने, ‘एत्शेबेरिया’ असे लिहायला घेतले.

भारतात मात्र नावाने रक्ताची वाट सोडूनच दिली. फ्रान्सिसच्या बहिणीचा नातू हेरोनिमो जन्माने ‘एझपेलेता’. तो जेझुइट झाला, गोव्याहून १५९५ मध्ये लाहोरला अकबराच्या दरबारी गेला, तिथे फारसी शिकला आणि येशूचे फारसी चरित्र लिहून १६०२ मध्ये बादशहाला दिले. इतिहासात तो ‘जेरोम झेवियर’ म्हणून राहिला, कारण आजीच्या भावाचे नाव त्याने स्वतः घेतले. तो १६१७ मध्ये गोव्यातच वारला. गोव्याच्या गावकरी संस्थांचा इतिहास १८५२ मध्ये लिहिणारे फिलिप नेरी शाव्हिएर हे गोवेकर. आणि तमिळ किनाऱ्यावर, जिथे फ्रान्सिसने मोती काढणाऱ्या परवर लोकांत काम केले, तिथे ‘शाविएर’चे ‘सवेरियार’ झाले. त्याला ‘मुत्तु’ म्हणजे मोती जोडून तिथले लोक मुलाचे नाव ठेवतात, सवरीमुत्तु.