‘कर्टसी’ : दरबारातून निघालेला शब्द

इंग्रजीतील ‘कर्टसी’ या शब्दाला आपल्याकडे कधी ‘शिष्टाचार’, तर कधी ‘सौजन्य’ असा प्रतिशब्द योजतात. हे दोन्ही शब्द समानार्थी मानावेत काय, हा प्रश्न त्या इंग्रजी शब्दाच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

लॅटिनमधील ‘कोहोर्स’ म्हणजे कुंपणाचे आवार. त्यापासून फ्रेंचांचा राजसभावाचक शब्द झाला व राजसभेस शोभेल असे वर्तन ते ‘कर्टसी’ ठरले. तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. १४७७ च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने मुलांसाठी वर्तनाचे नियम सांगणारे जे पद्यमय पुस्तक छापले, त्याच्या नावातही हाच शब्द होता. गुडघे किंचित वाकवून स्त्रिया ज्या रीतीने अभिवादन करीत, त्या रीतीचे ‘कर्ट्सी’ हे नाव याच शब्दाचे संक्षिप्त रूप होय. येथवर हा शब्द कनिष्ठाने वरिष्ठापुढे लवण्याचाच दिसतो.

परंतु त्याला दुसरीही बाजू आहे. ड्यूकच्या ज्येष्ठ पुत्रास पित्याच्या हयातीत जी पदवी लावतात, ती कायद्याने त्याची नसते. लोक ती केवळ ‘कर्टसी’ म्हणून लावतात. म्हणजे हक्क नसता स्वेच्छेने जे द्यावयाचे, तेही ‘कर्टसी’च.

हाच अर्थ कवी एडमंड स्पेन्सरने उचलला. त्याच्या ‘फेअरी क्वीन’ या महाकाव्याचा सहावा खंड १५९६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय हाच गुण आहे. शब्दाचे मूळ राजसभेत आहे हे कवी प्रारंभी मान्य करतो. पण आपल्या नायकास, कॅलिडोर या सरदारास, नेतो मात्र मेंढपाळांच्या वस्तीत. तेथे पास्टोरेला आपल्या मस्तकावरील पुष्पमाला त्याच्या मस्तकी ठेवते, आणि तो ती काढून आपल्या ग्रामीण प्रतिस्पर्ध्याच्या, कोरिडनच्या, मस्तकी ठेवतो. समर्थाने दुर्बळास दिलेला हा मान कोणत्याही दरबारी नियमात बसणारा नव्हे.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठीलाही दरबार अपरिचित नव्हता. मुजरा, अदब, मुलाहिजा हे अरबी-फारसीतून आलेले शब्द तिने आपलेसे केले. ‘शिष्ट’ शब्दाच्या मुळाशी ‘शास्’ धातू आहे. शिष्टाचार शिकविता येतो, मागताही येतो. ‘सौजन्य’ मात्र ‘सुजन’ शब्दापासून झाले. ते मागून मिळत नाही. ‘कर्टसी’च्या पोटात हे दोन्ही अर्थ नांदतात, मराठीने ते दोन शब्दांत वेगळे राखिले, ही आमच्या मते तिची श्रीमंती आहे.

शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावा. गुरुजी वर्गात येताच मुले उठून उभी राहतात, तो शिष्टाचार. मुलाचा चुकलेला प्रश्न हसण्यावारी न नेता गुरुजी त्याला उत्तर देतात, ते सौजन्य. पहिल्याचा आग्रह आपण नित्य धरतो. दुसऱ्याचा पाठ आपल्यापासूनच सुरू व्हावयास हवा.